मुलतानी मातीपासून जॉनी वॉकरपर्यंत: एकाच कामाची तीन इंग्रजी आडनावं

मुलतानी मातीचं पाकीट उलटून पाहिलं तर तिचं इंग्रजी नाव बऱ्याचदा छापलेलं दिसतं: फुलर्स अर्थ. म्हणजे फुलरची माती. हा फुलर कोणी शास्त्रज्ञ नव्हता, की मातीचा शोध लावणारा साहेबही नव्हता. मागावरून उतरलेलं लोकरीचं कापड धुऊन, तुडवून, घट्ट करून देणाऱ्या कारागिराला इंग्लंडात फुलर म्हणत. चेहऱ्यावरचं तेल शोषून घेणारी ही माती त्याच्या हौदात लोकरीतला ओशटपणा शोषून घ्यायची.

आता गंमत अशी की फुलर हे त्या कारागिराचं एकमेव नाव नव्हतं. चौदाव्या शतकात इंग्लंडच्या दक्षिण-पूर्वेकडच्या ससेक्स किंवा सफकमध्ये तो फुलर होता, नैऋत्येच्या डेव्हनमध्ये टकर होता आणि उत्तरेच्या यॉर्कशायरमध्ये वॉकर. तिघांचं काम एकच आणि तिघांच्या अंगाला येणारा वासही एकच. नावं तेवढी मुलखाप्रमाणे वेगळी. पुढे ही तिन्ही नावं आडनावं झाली, पिढ्यान्‌पिढ्या चालत राहिली, समुद्रापार गेली. तरीही त्यांचा ब्रिटनचा नकाशा काढला की तीन मुलूख अजून बऱ्यापैकी वेगळे दिसतात. आडनावावरून घराण्याचा पत्ता लागतो अशी आपली समजूत असते. या तीन आडनावांवरून पत्ता लागतो तो सहा-सातशे वर्षांपूर्वी कुठल्या भागात कुठली बोली चालत होती याचा.

आधी ते काम काय होतं ते पाहू, कारण ते कळल्याशिवाय इतकी माणसं त्यात का गुंतली होती हे कळत नाही.

मागावरून उतरलेलं लोकरीचं कापड लगेच वापरण्याजोगं नसतं. ताणा-बाणा सैल असतो, कापड उजेडात धरलं तर आरपार दिसतं. शिवाय लोकरीत मेंढीच्या अंगची चरबी असते आणि सूत काततानाही तिला तेल किंवा लोणी लावलेलं असतं. हे सगळं काढायचं आणि त्याच वेळी कापड दाटसर करायचं, असं हे दुहेरी काम. लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात, सगळे एकाच दिशेने तोंड केलेले. ओल, ऊब आणि सततची घुसळण मिळाली की तंतू एकमेकांत सरकतात आणि खवल्यांमुळे परत मागे येऊ शकत नाहीत. अडकत जातात, गुंततात. कापड आटतं, जाड होतं, विणीच्या जाळीचा मागमूस राहत नाही. लोकरीचा स्वेटर चुकून गरम पाण्यात वॉशिंग मशीनमध्ये फिरला की तो लहान मुलाच्या मापाचा होऊन बाहेर येतो, तो याच कारणाने. आपल्याकडचा अपघात हा त्यांचा धंदा होता. सुती कापडाला असे खवले नसतात, ते कितीही तुडवलं तरी असं गुंतत नाही. म्हणून कापसावर जगणाऱ्या आपल्या मुलखात साळी आहेत, कोष्टी आहेत, रंगारी आहेत, शिंपी आहेत, पण फुलरचा थेट जोडीदार शोधू गेलं तर अडचण होते.

हे तुडवणं व्हायचं पायांनी. लाकडी किंवा दगडी हौदात कापड घालायचं, त्यावर पाणी आणि माणसाचं शिळं मूत्र ओतायचं आणि आत उतरून तासन्‌तास थयथय नाचायचं. मूत्र शिळं झालं की त्यात अमोनिया तयार होतो आणि तो चरबी कापतो. साबण महाग असताना याहून स्वस्त रसायन नव्हतं. रोमन काळातही हीच पद्धत होती. रोमचा सम्राट व्हेस्पेशियन याने सार्वजनिक मुताऱ्यांतून गोळा होणाऱ्या मूत्रावर कर बसवला होता. मुलाने नाक मुरडलं तेव्हा त्याने करातून आलेलं नाणं त्याच्या नाकाशी धरून ‘वास येतोय का?’ असं विचारल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. तो कर ज्या धंद्यांच्या जिवावर वसूल होई, त्यांत कापड धुणारे कारागीर होते.

मुरवून झालं की मातीचा हात. फुलर्स अर्थ पाण्यात कालवून कापडावर चोळायची, ती उरलेलं तेल ओढून घ्यायची, मग स्वच्छ पाण्यात खळबळायचं. इंग्लंडात ही माती सरे परगण्यात, बेडफर्डशायरमध्ये आणि बाथ शहराच्या आसपास सापडायची. लोकरीच्या धंद्याला ती इतकी महत्त्वाची होती की सतराव्या शतकात तिच्या निर्यातीवर कायद्याने बंदी होती. परदेशी विणकरांच्या हाती लागू नये म्हणून चक्क मातीवर पहारा.

स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या हेब्रिडीज बेटांवर हे काम हातांनी करायची रीत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकून होती. तिथे ते बायकांचं काम. लांब फळीभोवती दोन्ही बाजूंना बायका बसायच्या, ओलं कापड फळीवर आपटत, रेटत एकीकडून दुसरीकडे फिरवायच्या आणि ठेका चुकू नये म्हणून गात राहायच्या. एकीने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी धरायची. जात्यावरच्या ओव्यांसारखीच ही कामाच्या ठेक्यावर बेतलेली गाणी. आणि ओव्यांसारखीच ती काम संपल्यावरही गेली नाहीत, लोकांनी ध्वनिमुद्रित करून ठेवली आहेत.

कापड आटून तयार झालं की ते उन्हावाऱ्यात लांबलचक लाकडी चौकटींवर आकड्यांनी ताणून वाळवायचं. मग काटेरी बोंडांनी घासून त्याची लव वर काढायची आणि मोठ्या कात्रीने ती एकसारखी कापायची. ही कात्री चालवणारा तो शिअरमन. त्याचं आडनाव झालं शर्मन. अमेरिकेच्या यादवी युद्धातला सेनापती विल्यम शर्मन आणि त्याच्या नावाने ओळखला जाणारा दुसऱ्या महायुद्धातला रणगाडा हे दोन्ही या कात्रीशी जाऊन भिडतात. सेनापतीचे पूर्वज इसेक्समधल्या डेडम या कापडाच्या गावातून अमेरिकेत गेलेले. कापड रंगवणाऱ्याला उत्तरेत लिटस्टर म्हणत, त्याचा लिस्टर झाला. लिस्टरीनच्या बाटलीवरचं नाव तेच. एका कापडाच्या गठ्ठ्याने इंग्रजांना किती आडनावं दिली याची मोजदाद करायला बसलं तर लेख हाताबाहेर जाईल.

तर परत आपल्या तिघांकडे.

फुलर हा शब्द मूळचा लॅटिन. रोमन लोक या कारागिराला ‘फुल्लो’ म्हणत. जुन्या इंग्रजीने तो उचलला आणि १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर फ्रेंचमधल्या भावंड-शब्दाने त्याला आणखी बळ दिलं. फ्रेंच वळणाचा जोर राजधानीच्या आसपास, दक्षिणेत आणि पूर्वेकडे जास्त होता, त्यामुळे फुलर तिथे रुजला. वॉकर अस्सल जर्मानिक घराण्यातला. त्यामागच्या जुन्या क्रियापदाचा अर्थ लोळवणं, उलथंपालथं करणं असा होता. जर्मनीतही हेच काम करणाऱ्याला वॉकरच म्हणत, उच्चार तेवढा वेगळा. टकरच्या मागचं क्रियापद तर सरळ ‘छळणं’ या अर्थाचं आहे. कापडाला जे सोसावं लागायचं ते पाहता नाव चपखल म्हणायचं.

या तीन शब्दांच्या हद्दी कशा होत्या हे गावांच्या नावांवरूनही ताडून बघता येतं. कापड कुटणाऱ्या पाणचक्कीला उत्तरेत वॉक मिल म्हणतात, नैऋत्येला टकिंग मिल, दक्षिणेत फुलिंग मिल. कॉर्नवॉलमध्ये टकिंगमिल नावाचं अख्खं गाव आहे. बाथजवळही एक टकिंग मिल आहे आणि तिथे राहणाऱ्या विल्यम स्मिथ या भूमापकाने १८१५ मध्ये इंग्लंडचा पहिला मोठा भूशास्त्रीय नकाशा छापला. त्याने ओळखलेल्या खडकांच्या थरांपैकी एका थराचं नाव फुलर्स अर्थ. स्मिथ म्हणजे लोहार. लोहाराच्या आडनावाच्या माणसाने टकरच्या गिरणीपाशी राहून फुलरची माती नकाशावर मांडली!

बोली आणि दप्तर यांत मात्र नेहमीच एकवाक्यता नसे. एक्झिटर हे डेव्हनमधलं शहर पक्कं टकरांच्या मुलखातलं. तिथल्या कारागिरांच्या संघाची १४७१ मध्ये बांधलेली वास्तू आजही उभी आहे आणि लोक तिला टकर्स हॉल म्हणतात. पण संघाच्या सरकारी नावात विणकर, फुलर आणि शिअरमन असे शब्द आहेत. बाजारात टकर, कागदावर फुलर. तसंच चौदाव्या शतकाच्या शेवटी विक्लिफ या धर्मसुधारकाच्या अनुयायांनी बायबल इंग्रजीत आणलं तेव्हा येशूच्या शुभ्र वस्त्रांच्या प्रसंगात त्यांनी ‘फुलर किंवा कापडाचा वॉकर’ असे दोन्ही शब्द शेजारी शेजारी ठेवले. एकाच शब्दाने सगळ्या देशाचं भागणार नाही हे त्यांना ठाऊक होतं.

आडनावं कशी पक्की झाली ही मधली पायरी अनेकदा गाळली जाते. नॉर्मन लोक येण्यापूर्वी इंग्लंडात सामान्य माणसाला एकच नाव पुरायचं. गावात चार विल्यम झाले की एकाला टेकडीजवळचा म्हणायचं, एकाला जॉनचा पोरगा, एकाला लाल केसवाला आणि चौथ्याला त्याच्या धंद्यावरून वॉकर. ही ओळख होती, आडनाव नव्हे. त्याचा मुलगा सुतार झाला तर तो सुतार म्हणून ओळखला जायचा. जमीनदार घराण्यांनी आधी आडनावं धरून ठेवली, कारण वारसा सिद्ध करायचा होता. मग तेराव्या-चौदाव्या शतकात ती पद्धत खाली झिरपली. दक्षिणेत लवकर, उत्तरेत उशिरा. करवसुली, न्यायालयं, जमिनीच्या नोंदी वाढल्या तसं कारकुनांना माणूस नेमका ओळखायची गरज पडू लागली.

१३७७, १३७९ आणि १३८१ या वर्षांत इंग्लंडात डोईपट्टी बसवली गेली. यॉर्कशायरच्या पश्चिम भागाच्या १३७९ च्या याद्या बऱ्याच चांगल्या अवस्थेत उरल्या आहेत आणि त्या वाचताना हे संक्रमण जणू घडताना दिसतं. काहींचं आडनाव आणि धंदा जुळतात, काहींचे जुळत नाहीत. ज्यांचे जुळत नाहीत त्यांच्या घरी नाव गोठलेलं आहे; बाप किंवा आजा कापड तुडवत असेल, हा दुसरंच काहीतरी करतो आहे.

असं गोठणं आपण मुंबईत फार अलीकडे पाहिलेलं आहे. इंग्रजी अमदानीत पारशी घरांनी धंद्यांचे इंग्रजी शब्दच आडनाव म्हणून घेतले: कॉन्ट्रॅक्टर, मर्चंट, इंजिनियर. फारुख इंजिनियर यष्टिरक्षक आणि फलंदाज होते, यंत्रांशी त्यांचा काही संबंध नव्हता. योगायोग असा की ते अनेक वर्षं लँकशायरकडून खेळले, म्हणजे थेट वॉकरांच्या मुलखात. त्या मैदानावर बसलेल्या वॉकरांनी कापड तुडवलं नव्हतं आणि इंजिनियरने पूल बांधले नव्हते.

वॉकरांच्या बाबतीत तर आडनाव गोठण्याच्या आधीच काम बदलायला लागलं होतं. बाराव्या शतकात कापड कुटणारी पाणचक्की इंग्लंडात आली. चाकाच्या दांड्यावर बसवलेल्या खुंट्या जड लाकडी हातोडे उचलायच्या आणि हौदातल्या कापडावर सोडायच्या. टेम्पलर या धर्मयोद्ध्यांच्या संघाने ११८५ मध्ये आपल्या मालमत्तेची पाहणी केली, तिच्यात लीड्सजवळच्या टेम्पल न्यूसम इथल्या अशा गिरणीची नोंद आहे. पाय थकतात, नदी थकत नाही. एकेका गिरणीने कितीतरी तुडवणाऱ्यांची जागा घेतली.

हे सगळं शांतपणे पार पडलं असं समजू नये. १२९८ मध्ये लंडनच्या फुलरांनी तक्रार केली की शहरातलं कापड बाहेर स्ट्रॅटफर्डच्या गिरण्यांकडे पाठवलं जातं आणि आमचं काम बुडतं. सेंट ऑल्बन्समध्ये उलटा प्रकार. तिथल्या मठाची स्वतःची गिरणी होती आणि मठाधिपतीचं म्हणणं असं की गावातल्या प्रत्येकाने पैसे मोजून तिथेच कापड कुटून घ्यावं. लोक घरच्या घरी, फुकटात करत होते. १२७४ च्या सुमारास हे भांडण इतकं पेटलं की राणी एलेनॉर गावात आली तेव्हा बायकांनी तिच्यापुढे गाऱ्हाणं मांडलं. यंत्र आलं की कामगाराला त्रास, ही गोष्ट आपण गिरणगावाच्या संदर्भात ऐकत आलो आहोत. इथे यंत्राचा मालक मठ होता आणि लोकांना हवं होतं स्वतःच्या पायांनी कापड तुडवायचं स्वातंत्र्य.

वेगवान वाहतं पाणी ज्या भागांत होतं, तिकडे हळूहळू कापडधंदा सरकला. पेनाइन डोंगरांच्या दोन्ही उतारांवरचा यॉर्कशायर आणि लँकशायर त्यांतलाच. म्हणजे ‘वॉकर’ हे आडनाव ज्या काळात तिथे पक्कं होत होतं, त्या काळात तिथले बरेच वॉकर पायांनी काही तुडवत नव्हते. ते गिरणीवर उभे राहून हातोड्यांखालचं कापड फिरवत होते. नाव पायांचं राहिलं, काम पाण्याने केलं.

आता आजचा हिशेब. तिघांमध्ये वॉकर फारच पुढे निघून गेला. इंग्लंड-वेल्समधल्या पहिल्या वीस-पंचवीस आडनावांत तो बसतो. फुलर आणि टकर त्याच्या जवळपासही नाहीत. त्याची कारणं दोन. वॉकर शब्दाचा मुलूख मुळातच मोठा होता: उत्तर इंग्लंड, मिडलँड्सचा म्हणजे मध्य इंग्लंडचा मोठा भाग आणि स्कॉटलंड. दुसरं, अठराव्या-एकोणिसाव्या शतकात लोकसंख्या भडकली ती नेमकी याच भागात. लीड्स, ब्रॅडफर्ड, मँचेस्टर, शेफील्ड ही शहरं फुगली आणि तिथली आडनावं फुगली. डेव्हन त्या काळात लोक बाहेर पाठवत होता. आडनावाची संख्या वाढते ती कुळाच्या कर्तबगारीने असं मानायला सगळ्यांनाच आवडतं. इथे कोळशाच्या खाणी आणि सूतगिरण्यांनी ते काम केलं.

आडनावांच्या भूगोलाचा पहिला नीट अभ्यास केला हेन्री ब्रॉम गपी या निसर्गाभ्यासकाने. १८९० मध्ये त्याचं पुस्तक आलं. त्याची युक्ती साधी आणि मला विचाराल तर फार हुशारीची होती: त्याने फक्त शेतकरी मोजले. शहरातला माणूस कामामागे फिरतो, शेतकरी जमिनीला बांधलेला असतो. म्हणून जुनी वाटणी शोधायची तर शेतकऱ्यांच्या नावांत शोधावी. आज हेच काम १८८१ च्या जनगणनेवरून संगणकाने करता येतं. त्या वर्षीच्या नकाशात टकर डेव्हन, सॉमरसेट, कॉर्नवॉलमध्ये दाटलेला दिसतो आणि खाडीपलीकडे दक्षिण वेल्सच्या किनाऱ्यावर त्याची थोडी पेरणी. फुलर ससेक्स, केंट, सरेपासून वर नॉर्फक-सफकपर्यंत. उत्तरेत वॉकरचंच राज्य. रेल्वेला तोवर पन्नास वर्षं झाली होती, तरी पाचशे वर्षांपूर्वीची बोली पुसली गेलेली नव्हती. आजच्या मतदारयाद्यांवरून केलेल्या नकाशांत रंग फिके झाले आहेत, लंडनने सगळ्यांना थोडं थोडं ओढून घेतलं आहे, पण आकार तोच.

विणकराचीही अशीच तीन आडनावं आहेत: दक्षिणेत वेब, उत्तरेत आणि मिडलँड्समध्ये वेबस्टर आणि पश्चिमेकडे वीव्हर. हा नियम नाही, कल आहे. लंडनजवळच्या चिझिकमध्ये १८४५ मध्ये फुलर, स्मिथ आणि टर्नर या तीन भागीदारांनी बिअरचा कारखाना एकत्र चालवायला घेतला. कापड कुटणारा, लोहार आणि कातारी. तिघांपैकी दारू गाळणाऱ्याचं आडनाव एकाचंही नाही.

आणि नकाशाला अपवाद हवेच असतील तर तेही आहेत. १६१६ मध्ये बर्म्युडाचा गव्हर्नर झालेला डॅनियल टकर केंटमधल्या घराण्यातला होता, म्हणजे फुलरांच्या मुलखातला. त्याच्या नावाचं टकर्स टाउन बर्म्युडात आजही आहे. काही वॉकर जंगलाच्या ठराविक पट्ट्यात गस्त घालणाऱ्या रखवालदारांचे वंशज असू शकतात. त्यांनाही वॉकर म्हणत. न्यूकॅसलजवळ वॉकर नावाचं गाव आहे, तिथून निघालेल्यालाही ते नाव चिकटू शकतं. आयर्लंडमधल्या काही टकरांचं मूळ नाव गेलिक, म्हणजे तिथल्या जुन्या भाषेतलं आहे, त्याचा कापडाशी संबंध नाही. अमेरिकेतले काही टकर तर पूर्व युरोपातून गेलेले ज्यू. त्यांचं मूळ आडनाव टोकर, यिडिश भाषेत कातारी. अमेरिकेत गेल्यावर ते टकर झाले आणि डेव्हनच्या टकरांत मिसळून गेले.

मग सगळे वॉकर एकमेकांचे भाऊबंद का? मुळीच नाहीत. लेस्टर विद्यापीठात टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्राचा आडनावांशी ताळा घालून पाहिला. ब्रिटनमध्ये आडनावही बापाकडूनच येतं, म्हणून ही जोडी जमते. ॲटनबरोसारख्या दुर्मीळ आडनावाचे बहुतेक पुरुष एकाच मूळ पुरुषाकडे जाताना दिसले. स्मिथ आडनावाच्या दोन माणसांत मात्र रस्त्यावरच्या कुठल्याही दोन माणसांइतकंच साम्य. कारण उघड आहे. लोहार गावोगावी होता आणि प्रत्येक गावात आडनाव नव्याने जन्माला आलं. कापड तुडवणारेही असेच ठिकठिकाणचे. त्यामुळे दोन वॉकर भेटले आणि त्यांनी आपण नात्यातले आहोत असं ठरवलं, तर त्यांना जोडणारा पूर्वज बहुधा सापडणार नाही. सापडेल ती दोन वेगळ्या नद्यांच्या काठची दोन वेगळी घरं.

स्कॉटलंडमध्ये एक वेगळा धागा मिसळतो. डोंगराळ भागातल्या गेलिक बोलणाऱ्यांत ‘कापड कुटणाऱ्याचा मुलगा’ अशा अर्थाचं आडनाव होतं. इंग्रजी दप्तरात जाताना अनेकांनी त्याचं वॉकर करून टाकलं. वेल्समध्ये याच्या उलट. तिथे कापड कुटणारे भरपूर होते, गिरणीला ‘पांडी’ म्हणत, आणि खाणकामगारांच्या १९१० च्या दंगलीमुळे प्रसिद्ध झालेल्या टॉनिपँडी गावाच्या नावात ती गिरणी बसलेली आहे. पण वेल्श लोक बापाचं नाव लावायचे. त्यातून जोन्स, डेव्हिस, इव्हान्स झाले. धंदा गावाच्या नावात राहिला, माणसांच्या नावात फारसा उतरला नाही.

स्कॉटलंडच्या किल्मार्नोक गावात १८२० मध्ये जॉन वॉकर याने किराणा मालाचं दुकान उघडलं. त्या दुकानातून पुढे जी व्हिस्की निघाली तिची ओळख वेगळी करून द्यायला नको. १९०८ मध्ये टॉम ब्राउन या चित्रकाराने तिच्यासाठी लांब टांगा टाकत चालणाऱ्या, उंच टोपी घातलेल्या बाबूचं चित्र काढलं. वॉकर म्हणजे चालणारा, असा सरळ अर्थ घेतला. आडनावातला हौद आणि शिळं मूत्र जाहिरातीच्या कामाचं नव्हतंच म्हणा! त्याच बाटलीवरून गुरुदत्तने बदरुद्दीन काझी या इंदूरहून आलेल्या, मुंबईत बेस्टच्या बसवर कंडक्टर असलेल्या हरहुन्नरी माणसाला पडद्यावरचं नाव दिलं. दारुड्याची नक्कल फर्मास करायचा म्हणून जॉनी वॉकर.

अटलांटिकपलीकडे जाताना ही आडनावं आपापले मुलूख बरोबर घेऊन गेली. १६२० च्या मेफ्लॉवर जहाजावर सॅम्युअल आणि एडवर्ड हे फुलर बंधू होते, नॉर्फकमधल्या रेडनहॉलचे. न्यू इंग्लंडच्या पहिल्या वसाहतींत पूर्वेकडच्या परगण्यांतले लोक खूप, त्यामुळे तिथे फुलर घराणी जुनी. तिथलाच बकमिन्स्टर फुलर पुढे घुमटांच्या रचनेसाठी गाजला. १९८५ मध्ये कार्बनच्या साठ अणूंचा पोकळ गोळा सापडला तेव्हा त्याचं रूप या घुमटांसारखं दिसलं म्हणून शास्त्रज्ञांनी त्याला फुलरचं नाव दिलं. फुलरीन. या शोधाला १९९६ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. डेव्हन-डॉर्सेटचे कोळी न्यूफाउंडलंडला कॉड मासे धरायला जात आणि काही तिथेच राहत. म्हणून त्या बेटावर टकर आहेत.

अमेरिकेच्या २०१० च्या जनगणनेत वॉकर आडनावाची ५ लाख २३ हजारांच्या आसपास माणसं निघाली, देशात एकतिसावा क्रमांक. त्यांतली सुमारे एक तृतीयांश कृष्णवर्णीय आहेत. गुलामगिरी संपल्यावर मुक्त झालेल्या माणसांना सरकारी कागदावर आडनाव लागणार होतं. कुणी मालकाचं लावलं, कुणी आपल्या आधीच्या पिढीने धरून ठेवलेलं, कुणी आसपास ऐकलेलं. केशप्रसाधनांच्या धंद्यातून श्रीमंत झालेल्या मॅडम सी. जे. वॉकर यांना ते आडनाव नवऱ्याकडून आलं. त्याच देशात जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्या नावातलं डब्ल्यू म्हणजेही वॉकरच, आजीच्या माहेरचं. यॉर्कशायरच्या हौदाशी या लाखो माणसांचा रक्ताचा संबंध शोधत बसण्यात अर्थ नाही. नाव कुठल्या वाटेने आलं तेवढंच विचारावं.

आपलं इंग्रजी आडनाव कुठून आलं हे शोधणाऱ्यांना म्हणूनच दोन वेगळ्या गोष्टी कराव्या लागतात. आडनाव दुर्मीळ असेल तर १८८१ चा नकाशा एखाद्या परगण्यापर्यंत, कधी कधी थेट गावापर्यंत नेऊन सोडतो. टकर असाल तर डेव्हनपासून सुरुवात करायला हरकत नाही, फुलर असाल तर ससेक्स किंवा सफकपासून. वॉकरला नकाशाचा उपयोग जवळजवळ शून्य. त्याला चर्चच्या नोंदवह्या एकेक करून मागे मागे चाळत जावं लागतं. त्या १५३८ पासून ठेवायला लागले, पण सगळीकडच्या उरलेल्या नाहीत. आणि एकाच गावात, एकाच पिढीत तीन जॉन वॉकर निघाले, तर काम तिथेच अडतं.